न वाढणारा ढीग

"बाबा, सावेता आत्या मेली की नुसती हरवली?"

सोरानाचे बाबा, गाव्रिल, शेडमध्ये गुडघ्यांवर बसून डोंगरात चालवायच्या चारचाकी क्वाडच्या मागच्या चाकाला बर्फाची साखळी चढवत होते. साखळी त्यांच्या हातातून सुटली आणि खळ्ळकन फरशीवर पडली. त्यांनी मान वर केली नाही. सोराना मात्र दारात कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. आता माघार घेतली तर सोमवारी वर्गात तोंड दाखवायची सोय नव्हती.

प्रश्न विचारायची पैज वर्गमैत्रीण ओतिलियाने तिच्या गळ्यात मारली होती. "सोळा पूर्ण झाली, क्वाडचं लायसन्स मिळालं, वर्गभर मिरवतेस," ओतिलिया म्हणाली होती, "मग बापाला एवढं विचारून दाखव. नाहीतर ते लायसन्स तुमच्या कोंबडीच्या नावावर करून टाक." ओतिलियाला कुठली गोष्ट खटकेल याचा नेम नसे. गावात मेलेल्या माणसाचं नाव निघालं की जो तो मागोमाग 'देव त्याला क्षमा करो' म्हणतो. सोरानाचे बाबाही म्हणतात. आजोबांच्या नावामागे म्हणतात, आजीच्या म्हणतात, एकदा तर म्हाताऱ्या घोडीच्या नावामागेही म्हणाले होते. फक्त स्वतःच्या बहिणीच्या नावामागे कधीच म्हणत नाहीत. हे सोळा वर्षं त्याच घरात राहून सोरानाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि चार वेळा जेवायला आलेल्या ओतिलियाच्या आलं होतं.

"जाणाऱ्याच्या हातात कुणीतरी पेटती मेणबत्ती धरायची असते," बाबा शेवटी म्हणाले. साखळी उचलून ते पुन्हा एकेक कडी बसवू लागले. "पुढची वाट दिसायला. तिच्या हातात कुणी धरली? मग ती गेली असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?"

सोराना आत आली आणि साखळीचं दुसरं टोक धरून बसली.

"उद्या शाळा बंद ना?" बाबांनी विचारलं.

"उद्या आणि परवा. बस वर येत नाहीये."

"मग लाल क्वाड तू घे. जुन्या वाटेवर वादळाने शंभर झाडं आडवी केलीत, ती वसंतापर्यंत निघत नाहीत. शनिवारी क्वाडवरून डोंगर बघायला पैसे भरून आठ पाहुणे येणार. मुन्चेल डोंगरावर नवी वाट शोधायची आहे." त्यांनी शेवटची कडी घट्ट ओढली. "सावेताच्या कुरणावरून काढू म्हणतो."

लाल गाडी! एरवी सोराना ओरडत अंगणभर धावली असती. पण शेवटच्या वाक्याने तिचा आनंद तिथेच विरला. सावेताच्या कुरणावरून हिवाळ्यात कुणी जात नाही. गेलंच तर काठाकाठाने, टोपी काढून, आणि मागे न बघता.

सकाळी थंडी उणे अठरा होती. नाकातले केस गोठून टोचत होते. आईने दोघांच्या खिशात चरबी लावलेला पाव आणि कांदा कोंबला, बाबांच्या छातीवर हवेतच क्रूस काढला आणि सोरानाला म्हणाली, "बापाच्या चाकोरीच्या बाहेर चाक गेलं तर परत आल्यावर लायसन्स चुलीत."

"सगळे माझ्या लायसन्सच्याच मागे का लागलेत!" सोराना म्हणाली आणि अंगठ्याने गॅस दाबला.

लाल क्वाडच्या मुठी गरम होत्या, चाकाखाली बर्फ करकरत होता, आणि जंगल इतकं पांढरं नि गप्प होतं की इंजिनाचा आवाज आपण एखाद्या झोपलेल्याच्या अंगावर टाकतोय असं तिला वाटलं. बाबा पुढे. दर पन्नास पावलांवर थांबून ते लांब काठीने बर्फ टोचायचे, मग फांदीला लाल फीत बांधायचे. चढ किती, वळणावर नवशिक्याची गाडी कलंडेल का, खाली ओढा आहे का, सगळं ते काठीच्या टोकाने वाचत होते.

एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. "ते स्प्रूसचं झाड बघ. काय दिसतं?"

सोरानाने पाहिलं. सगळ्या झाडांवर बर्फ वरून बसला होता. या एकाच झाडाच्या फांद्यांना तो खालून लटकला होता. सुयांसारखा, दाट, लोंबता.

"दाढी," ती म्हणाली.

"पांढरी दाढी दिसली की तिथे गाडी न्यायची नाही. खाली डोंगराचं तोंड असतं. हा डोंगर आतून पोकळ आहे. थंडीत त्याचा गरम श्वास वर येतो आणि फांद्यांना खालून गोठून बसतो. बर्फाने तोंड झाकलं तरी श्वास झाकता येत नाही." त्यांनी वाट वीस पावलं डावीकडे घेतली आणि तिथे दोन फिती बांधल्या. "आमच्या लहानपणी शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असायचं. तुमच्या हातात फोन आले, मग दाढी बघायची उसंत नाही."

अकराच्या सुमारास ते कुरणावर पोचले.

सोराना इथे याआधी दोनदाच आली होती, दोन्ही वेळा उन्हाळ्यात आणि दोन्ही वेळा काठावरच. चारी बाजूंनी स्प्रूस, मधे छोटीशी सपाट पांढरी जागा, आणि त्या जागेच्या मधोमध एक उंचवटा. बर्फाखाली फांद्यांचा ढीग होता. अपघाताने, एकट्याने मेलेल्याच्या जागी येणाजाणाऱ्याने एक फांदी टाकायची आणि पुढे जायचं. तीस वर्षं गाव तेच करत होतं.

बाबांनी इंजिन बंद केलं. टोपी काढली. त्यांच्या टकलावरून वाफ निघत होती. त्यांनी एक हिरवी फांदी मोडली, काठावर उभं राहून ढिगावर फेकली तीनदा क्रूस काढला आणि मग काठाकाठाने फिती बांधत ढिगाभोवती गोल पुरा केला.

"शनिवारी गाड्या इथे थांबवायच्या," ते हळूच म्हणाले. "ढिगाला वळसा घालून. पाहुण्यांना इथे घरची पालिंका दारू पाजायची. आणि प्रत्येकाने एक फांदी टाकायची. आठ माणसं, दर शनिवारी."

"बाबा, तुम्ही आत्याची गोष्ट पाहुण्यांना विकणार?" हे तोंडातून निसटलं आणि सोरानाला वाटलं, आता कानाखाली बसणार.

बाबा रागावले नाहीत. "विकत नाही गं," ते म्हणाले. "तिला सोबत देतोय. तीस हिवाळे ती इथे एकटी आहे. चार इंजिनं घरघरली, कुणी हसलं, कुणी नाव घेतलं, तर तिलाही बरं वाटेल. चल आता. मागे बघायचं नाही."

सोरानाने मागे बघितलं. सोळा वर्षांच्या मुलीला मागे बघू नको म्हणणं म्हणजे काय, हे बाबांना कळायला हवं होतं.

तेवढ्यात आवाज आला.

खोल, लांब, घोगरा. जमिनीतून आल्यासारखा वाटला, आणि झाडांमधून आल्यासारखाही. घरी भिंतीवर टांगलेल्या आत्याच्या तुलनिकचा आवाज असाच होता. माणसापेक्षा लांब ती लाकडी तुतारी डोंगरातल्या बायकाच वाजवतात, आणि ती दरीपलीकडे ऐकू जाते. सोराना स्वतः शाळेच्या कार्यक्रमात वाजवायची. या आवाजाला ती कशी चुकेल?

बाबांचा चेहरा पिठासारखा झाला होता. "चल," ते म्हणाले. "चल, चल, चल."

उतरताना सोरानाच्या डोळ्यांपुढून एकच गोष्ट हलत नव्हती. मागे वळल्यावर तिला कुरणाच्या काठचे तीन स्प्रूस दिसले होते, ढिगाकडे वाकलेले. तिन्हींना नववधूच्या ओढणीसारखा पांढरा पडदा लोंबत होता. खालून.

"ती सावेताची ओढणी," संध्याकाळी आई म्हणाली. बाबा न जेवताच झोपायला गेले होते. आई मक्याची मामालिगा दोऱ्याने कापत होती आणि आवाज खाली ठेवून बोलत होती. "तिचं लग्न ठरलं होतं ना. दर हिवाळ्यात त्या झाडांवर ओढणी येते. सगळ्या गावाला माहितीये."

"आई, नीट सांग. सुरुवातीपासून."

"नीट काय सांगायचं? वरच्या पाड्यावरचा म्हातारा इयोन गेला, देव त्याला क्षमा करो. पलीकडच्या दरीला कळवायचं होतं. तेव्हा तुलनिकनेच कळवायचे. सावेताचा दम सगळ्यात मोठा, सतरा वर्षांची होती, ती निघाली धारेवर. तुझा बाप तेरा वर्षांचा, त्याने कंदील धरून तिच्याबरोबर जायचं होतं. त्याचे पाय गारठले, तो निम्म्या वाटेतून परतला. ती म्हणाली, जा रे बावळटा, मी येतेच." आईने मामालिगाचा तुकडा सोरानाच्या ताटात सरकवला. "वादळ आलं. दुसऱ्या दिवशी कुरणात तुलनिक बर्फात उभी सापडली, खांबासारखी. ती नाही. पहिली फांदी तुझ्या बापाने टाकली, आणि तो तिथून हलेना. ओढून आणावा लागला."

"आणि वसंतात? बर्फ वितळल्यावर शोधलं नाही?"

"सगळीकडे शोधलं. ओढ्यात, कड्याखाली. लांडगे म्हणाले लोक."

"ढिगाखाली?"

आईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने चर्चमध्ये शिट्टी वाजवली. "टाकलेली फांदी उचलायची नसते, सोराना. ती मेलेल्याची असते. वसंतापर्यंत ढीग पुरुषभर उंच झाला होता. आजूबाजूला काटेरी जुनिपरचं रान, मेंढीसुद्धा शिरायची नाही. आणि त्याला हात कोण लावणार?"

"आता केवढा आहे?"

"तेवढाच की. पुरुषभर." आईने दोरा पुसून ठेवला. "लोक म्हणतात, ती फांद्या शेकोटीला नेते. म्हणून वाढत नाही."

त्या रात्री सोराना पांघरुणात डोकं घालून हिशेब करत राहिली. गावात सत्तर घरं. प्रत्येक घरातून वर्षाला निदान एक फांदी. तीस वर्षं. त्या ढिगाचं एव्हाना घर व्हायला हवं होतं. मग उरलेल्या फांद्या कुठे गेल्या?

सकाळी ती आईला म्हणाली, "ओतिलियाकडे जाते." हे खोटं नव्हतं. ती ओतिलियाकडेच गेली, तिला लाल गाडीवर मागे बसवलं आणि मग मुन्चेलकडे वळली. भिंतीवरची तुलनिक तिने दोरीने पाठीला बांधली होती. तिचं टोक दर वळणावर ओतिलियाच्या हेल्मेटवर टणटण आपटत होतं.

"मी विचारून दाखव म्हटलं होतं," ओतिलिया मागून ओरडत होती, "मला तिथे नेऊन दाखव असं नव्हतं म्हटलं!"

"तू तर ग्रुपवर लिहिलंस, भुतांना मी खिशात घालते!"

"ते उबदार खोलीत बसून लिहिलं होतं गं माझे आई!"

लाल फितींच्या मागोमाग त्या कुरणाच्या काठावर पोचल्या. इंजिन बंद केल्यावर शांतता कानात भरली. ओतिलियाची बडबडही बंद पडली. तीन स्प्रूसांवरची ओढणी कालच्यापेक्षा दाट झाली होती.

"दाढी," सोराना पुटपुटली.

"काय?"

"ती ओढणी नाही. दाढी आहे. हेच झाड दुसरीकडे कुठे दिसलं असतं ना, तर माझ्या बाबांनी लांबूनच गाडी वळवली असती. गावातल्या कुणीही वळवली असती. इथे मात्र सगळे टोपी काढून खाली मान घालतात."

तिने झाडाला दोरी बांधली, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. "मी हाक मारली की ओढ. फोटो नको काढूस, ओढ."

मग ती बर्फावर पालथी झाली आणि सरकत ढिगाकडे गेली. तीस वर्षांत या उंचवट्याला कुणी हात लावला नव्हता. सगळे काठावरून फेकायचे. जवळ गेल्यावर तिला दिसलं, ढिगाच्या पायथ्याशी बर्फाला बोटभर भेग होती. तिने हातमोजा काढून तळवा तिथे धरला.

हवा लागली. उबदार. ओल्या दगडाचा, कुजक्या पानांचा वास असलेली, संथ हवा. कुणीतरी झोपेत श्वास सोडावा तशी.

 पळून जावं असं तिला मनापासून वाटलं. पण तिने पाठीवरची तुलनिक सोडवली, तिचं तोंड भेगेपाशी नेलं, आणि वाजवली. तीन सूर. 'मी इथे आहे' म्हणून दरीपलीकडे कळवायला सगळ्या मुलींना हेच तीन सूर पहिले शिकवतात.

आधी काहीच झालं नाही. मग खालून उत्तर आलं. तीन सूर. खूप उशिरा, खूप खालून, तिच्या सुरांपेक्षा घोगरे. आणि शेवटचा सूर तिने वाजवला होता त्याच्यापेक्षा लांबला.

काठावर ओतिलिया मोठमोठ्याने प्रार्थना म्हणू लागली.

मग सोरानाच्या पोटाखालचा बर्फ हातभर खचला. आवाज न करता. ढिगाच्या माथ्यावरून बाबांची कालची हिरवी फांदी घसरली, रुंदावलेल्या भेगेत उभी राहिली आणि आत गेली. सोराना श्वास रोखून ऐकत राहिली. ती पडल्याचा आवाज आलाच नाही.

"ओढ!" ती किंचाळली.

ओतिलियाने ओढलं. घाबरट असली तरी ताकद होती तिच्यात. दोघी झाडाच्या बुंध्याला मिठी मारून बसल्या.

"प्रतिध्वनी होता ना?" ओतिलियाने अखेर विचारलं. "सांग ना. प्रतिध्वनीच ना?"

"हो," सोराना म्हणाली. मग तिने खरं ते सांगितलं. "माहीत नाही."

त्यांच्या समोर, ढिगाला वळसा घालून, लाल फितींचा एक सुंदर गोल होता. कालच बाबांनी बांधलेला. चार गाड्या, आठ माणसं, पालिंकाच्या बाटल्या, हसणं. बरोबर त्या श्वासाच्या वर. सोराना उठली आणि तिने एकेक फीत सोडवून खिशात घातली. एकही राहू दिली नाही. मग तिने रेंज मिळेपर्यंत धार चढून दोन फोन केले.

दुपारी ती घरी आली तेव्हा बाबा टेबलाशी बसून पाहुण्यांसाठी हेल्मेटं पुसत होते. आई चुलीवर चोर्बा, भाज्यांचं आंबट सूप, ढवळत होती. सोरानाने खिशातून लाल फितींचा गुंता काढून टेबलावर ठेवला. मग तुलनिक ठेवली. तिच्या तोंडाला बर्फ नि कुजकी पानं लागली होती.

"हे काय?" बाबा उठून उभे राहिले. "तू एकटी गेलीस? तिथे?"

"ओतिलिया होती. बाबा, तुम्ही रागवा, पण आधी ऐका." आणि तिने सगळं सांगितलं. दाढी, भेग, ऊब, खचलेला बर्फ, कालची फांदी. खालून आलेले तीन सूरही सांगितले. ते लपवावेत असं वाटेत दहा वेळा वाटलं होतं. शेवटी म्हणाली, "ती शेकोटीला नेत नाही फांद्या. त्या तिच्या अंगावर पडताहेत. ती कुठे हरवली नाही. पहिल्या दिवसापासून तिथेच आहे, आणि आपण तीस वर्षं तिच्यावर झाकण घालतोय."

बाबा खाली बसले. त्यांच्या हातातलं फडकं हेल्मेटवर त्याच जागी गोल गोल फिरत राहिलं.

"मला दाढी दिसायची," ते म्हणाले. आवाज तेरा वर्षांच्या मुलाचा होता. "दर हिवाळ्यात दिसायची. मी बघायचो आणि मान खाली घालायचो."

"गाव्रिल," आई म्हणाली.

"ती तुलनिक वाजवायची, लुक्रेत्सिया. मी ऐकायचो आणि पळायचो. त्या दिवशीसारखा."

 चोर्बा उतू गेली आणि चुलीवर चरचरली. आईने भांडं बाजूला केलं, क्रूस काढला आणि म्हणाली, "टाकलेली फांदी उचलायची नसते. गाव काय म्हणेल?"

सोरानाने खुर्ची ओढली नाही, उभीच राहिली.  

"गावाला जे म्हणायचं ते म्हणू दे. शनिवारच्या पाहुण्यांना मी नाही म्हणून कळवलंय. डोंगरी बचाव पथकाला फोन केलाय, ते उद्या नऊला दोर घेऊन येताहेत. सगळ्यात वरची फांदी मी काढणार. एकेक करून सगळ्या काढणार, आणि ते खाली उतरतील तेव्हा त्यांच्या हातात मेणबत्ती देणार. पण सगळ्यात खालची फांदी मी काढणार नाही, बाबा. ती तुमची आहे. ती काढायला तुम्ही माझ्याबरोबर येताय."